रातपाळीची वनस्पती : पानफुटी आणि कलांचो

भिलाई हे पोलादाचे नगर होय. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने येथे पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. झोतभट्टी एकदा पेटली म्हणजे तिला रात्र नाही आणि सुट्टीही नाही. म्हणून या नगरातील कामकरी माणसांचा दिवस तीन पाळ्यांत विभागला गेला आणि ‘रातपाळी’ हा शब्द येथील मुलांच्या कानांवर अगदी लहानपणापासून पडत आला.

याच नगरातील क्वार्टरांच्या ओसरीवर, गच्चीवर किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीत जाड, मांसल पानांची एखादी कुंडी पुष्कळदा आढळते. कोठे ती पानफुटीची असते, तर कोठे लाल, पिवळ्या वा नारिंगी फुलांच्या गुच्छांनी भरलेल्या कलांचोची. या दोन्ही वनस्पती एकाच कुलातील असून त्यांच्या जीवनक्रमात एक विलक्षण गोष्ट आहे. बहुतेक झाडे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वायू दिवसा घेतात. या वनस्पती तो मुख्यतः रात्री घेतात. त्यांनाही एक प्रकारची रातपाळी आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. ही गोष्ट नीट ध्यानात आली, तर या झाडांना पाणी किती द्यावे, त्यांना फुले केव्हा येतात आणि त्यांच्याविषयी बाजारात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींपैकी खऱ्या कोणत्या, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. त्या उत्तरांचा विचार या पुस्तिकेत केला आहे.

नावे आणि मूळस्थान

पानफुटीला मराठीत घायमारी असेही नाव आहे. संस्कृत वळणाचे पर्णबीज हे नाव तिच्या पानांच्या गुणावरून पडले आहे. छत्तीसगढात आणि उत्तर भारतात तिला पत्थरचट्टा म्हणतात. शास्त्रीय ग्रंथांत ती कलांचो पिनाटा किंवा ब्रायोफायलम पिनाटम या नावांनी ओळखली जाते. ब्रायोफायलम हा शब्द ग्रीक असून, ज्याच्या पानातून अंकुर फुटतो ते, असा त्याचा अर्थ आहे. मराठीतील पानफुटी या शब्दातही नेमकी तीच कल्पना आहे.

ही वनस्पती आपल्याकडे इतकी रुळली आहे, की ती परदेशी आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. तिचे मूळस्थान आफ्रिकेच्या पूर्वेस असलेले मादागास्कर बेट हे होय. मोलुक्का बेटांकडून लेडी क्लाइव्ह यांच्यामार्फत ती १७९९ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली, असे सांगितले जाते. तेथून ती बागांतून परसांत आणि परसांतून ओसाड जागी पसरली.

फुलांसाठी लावला जाणारा कलांचो हा तिचा जवळचा नातलग असून त्याचे शास्त्रीय नाव कलांचो ब्लॉसफेल्डियाना असे आहे. तोही मादागास्करचाच रहिवासी होय. जर्मनीतील पॉट्सडॅम येथील रोपवाटिकेचे मालक रॉबर्ट ब्लॉसफेल्ट यांनी १९३२ च्या सुमारास तो युरोपच्या बाजारात आणला आणि त्यांचेच नाव त्याला मिळाले. आज रोपवाटिकांत दिसणारे नाना रंगांचे, दुहेरी पाकळ्यांचे कलांचो हे बहुतेक त्याच्या संकरापासून तयार झालेले आहेत. कलांचोच्या सर्वच जाती परदेशी आहेत असे मात्र नव्हे. पश्चिम भारतातील एका जातीला थिओडोर कूक यांनी कलांचो भिडेई असे नाव देऊन भिडे या मराठी आडनावाला वनस्पतिशास्त्रात स्थान दिले आहे.

या वनस्पतींचे कुल क्रॅसुलेसी हे होय. कलांचोचे फूल हाती घेऊन पाहिले, तर पाकळ्या चार, पुंकेसर आठ आणि किंजदले चार, असा चाराचा हिशेब दिसतो. पानफुटीची फुले लोंबती असतात. त्यांचा निदलपुंज फुगीर व कागदासारखा असून तो बोटांनी दाबला असता फट्‌ असा आवाज होतो. मुलांना हा खेळ चांगला परिचित असतो.

सकाळी आंबट, दुपारी बेचव

पानफुटी भारतात येऊन पंधरा-सोळा वर्षेही झाली नव्हती, तोच तिच्याविषयीचा एक महत्त्वाचा शोध येथेच लागला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत दक्षिण भारतात काम करणारे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हायने यांनी पानफुटीची पाने दिवसाच्या निरनिराळ्या वेळी चाखून पाहिली. सकाळी ती अतिशय आंबट लागत. दिवस वर येई तसतसा आंबटपणा कमी होई, दुपारी पान बेचव लागे आणि संध्याकाळी त्याला किंचित कडवट चव येई. ही हकीकत त्यांनी लंडनला लॅम्बर्ट यांना पत्राने कळविली. लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात ती १८१५ साली प्रसिद्ध झाली.

हायने यांच्याजवळ ना मोजण्याची नळी होती, ना अम्लाची परीक्षा करणारा कागद. जीभ हेच त्यांचे उपकरण. परंतु एकच वस्तू निरनिराळ्या वेळी तपासून तिच्यातील फरकाची नोंद ठेवणे ही शास्त्रीय निरीक्षणाची मूळ रीत त्यांनी पाळली होती. त्या निरीक्षणाचा पुरता उलगडा होण्यास मात्र सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. पानातील आंबटपणा मॅलिक अम्लाचा आहे, हेच अम्ल सफरचंदातही असते, रात्री घेतलेला कार्बन डाय-ऑक्साइड या अम्लाच्या रूपाने साठविला जातो आणि दिवसा तो पुन्हा मोकळा होतो, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. १९४० च्या दशकापासून या क्रियेला ‘क्रॅसुलेसी कुलातील अम्ल-चयापचय’ असे नाव रूढ झाले. निवडुंग, अननस, घायपात आणि पुष्कळशी आमरे यांच्यातही हीच क्रिया चालते.

रात्री काम करण्याचे कारण

वनस्पतीच्या पानांवर सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. कार्बन डाय-ऑक्साइड आत येतो तो या रंध्रांतून आणि पाण्याची वाफ बाहेर जाते तीही यांतूनच. वायू हवा असेल तर दार उघडावे लागते आणि दार उघडले की पाणी जाते, असा हा पेच आहे. हवा जितकी तप्त व कोरडी, तितके पाणी अधिक जाते. भिलाईत मे महिन्यात पारा ४४ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा दुपारी उघड्या रंध्रांच्या झाडाला फार मोठी किंमत मोजावी लागते.

पानफुटीने हा पेच वेळेची फाळणी करून सोडविला आहे. सूर्य मावळला, हवा थंड व त्या मानाने दमट झाली, म्हणजे तिची रंध्रे उघडतात. आत आलेला वायू एका एंझाइमाच्या साहाय्याने पकडला जाऊन त्याचे मॅलिक अम्ल बनते. पेशीच्या मध्यभागी पाण्याने भरलेली मोठी पोकळी असते, तिला रिक्तिका म्हणतात. रात्रभर हे अम्ल तेथे साठत राहते. मांसल पान म्हणजे अशा मोठ्या रिक्तिकांचे कोठार होय. उजाडल्यावर रंध्रे मिटतात. मग कोठारातील अम्ल थोडे थोडे बाहेर काढून त्यातील कार्बन डाय-ऑक्साइड मोकळा केला जातो आणि मिटलेल्या दाराआड सूर्यप्रकाशात त्याची साखर बनते. म्हणजे कच्चा माल रात्री भरायचा आणि प्रकाशाचे काम दिवसा उरकायचे, अशी ही व्यवस्था आहे. दिवसभरात कोठार रिकामे होते, आणि म्हणूनच संध्याकाळचे पान आंबट लागत नाही.

या व्यवस्थेने पाण्याची किती बचत होते, हे आकड्यांवरून कळेल. छत्तीसगढात सर्वत्र होणारे धान हे साध्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारे पीक आहे. अशा वनस्पतींना एक ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळविण्यासाठी साधारण ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावे लागते. रात्री रंध्रे उघडणाऱ्या वनस्पतींचे काम ५० ते १०० ग्रॅमांत भागते.

मात्र या बचतीलाही मोल आहे. रिक्तिकेत मावेल तेवढेच अम्ल एका रात्रीत साठू शकते. त्यामुळे अशा वनस्पतींची वाढ बेताची असते. पाणी भरपूर मिळाले, तर त्या दुपार कलल्यावर रंध्रे उघडून साध्या पद्धतीनेही थोडे काम करून घेतात. उलट पाण्याचा अगदीच तुटवडा पडला, तर रात्रीही रंध्रे मिटून घेतात आणि स्वतःच्या श्वसनातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड आतल्या आत फिरवीत दिवस काढतात. माल येणे थांबले असता भट्टी विझू न देता मंद ठेवावी, तसाच हा प्रकार आहे.

करून पाहण्याजोगे प्रयोग

हायने यांनी जे जिभेने केले, ते आपण रंगाने करू. पानफुटीची पाने चाखू नयेत. त्याचे कारण पुढे येईल. प्रयोगासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, कारण रात्री थंड असल्या म्हणजे अम्ल अधिक साठते. कुंडी उन्हात ठेवलेली असावी.

पहिला प्रयोग. सूर्योदयाच्या सुमारास पानफुटीची १० ग्रॅम पाने तोडावीत, खलबत्त्यात कुटावीत आणि १०० मिलिलिटर पाण्यात कालवून गाळून घ्यावीत. त्याच रोपाची तितकीच व तशीच पाने संध्याकाळी पाच वाजता घेऊन ती कृती पुन्हा करावी. निळा लिटमस कागद सकाळच्या रसात स्पष्ट लाल होईल; संध्याकाळच्या रसात त्याचा रंग फारसा बदलणार नाही. शेजारच्या जास्वंदीची पाने घेऊन हीच परीक्षा करावी. तिच्या सकाळच्या व संध्याकाळच्या रसात असा ठळक फरक दिसणार नाही.

दुसरा प्रयोग. फरक किती आहे हे मोजण्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करावे. दाहक सोड्याचा दशांश-नॉर्मल द्राव, म्हणजे एका लिटरात ४ ग्रॅम, तयार करावा. गाळलेल्या रसात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकून द्राव मापननळीतून हळूहळू सोडावा आणि गुलाबी छटा टिकू लागताच थांबावे. निरोगी रोपाच्या १० ग्रॅम पानांना सकाळी १० मिलिलिटर किंवा त्याहूनही अधिक द्राव लागू शकतो. संध्याकाळी त्याचा लहानसा अंशच पुरतो. घरी हे करावयाचे असल्यास जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात भिजवून तो रंग सूचक म्हणून वापरावा आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी थेंबाथेंबाने घालावे. रंग लालसर असतो तो हिरवट होऊ लागेपर्यंत किती थेंब लागले, ते सकाळी व संध्याकाळी मोजावे.

तिसरा प्रयोग. अम्ल हवेतूनच येते कशावरून? दोन लहान कुंड्या संध्याकाळी दोन मोठ्या काचेच्या हंड्यांखाली झाकाव्यात. एकीत दाहक सोड्याच्या द्रावाची बशी ठेवावी, म्हणजे तेथील हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड शोषला जाईल. दुसरीत साध्या पाण्याची बशी ठेवावी. सकाळी दोन्ही रोपांची पाने मोजून पाहिली, तर सोडा ठेवलेल्या हंडीतील पानांत अम्ल बरेच कमी आढळेल. याचप्रमाणे पहाटे रोपावर काळा कागद घालून ते दिवसभर अंधारात ठेवावे. त्याचे अम्ल संध्याकाळपर्यंत उघड्या रोपाइतके उतरलेले नसेल. कोठार भरण्यास हवा लागते आणि ते रिकामे होण्यास प्रकाश लागतो, हे या दोहोंवरून कळून येईल.

रात्रीची लांबी आणि फूल

रोपवाटिकेतून आणलेला कलांचो फुलांनी भरलेला असतो. ती फुले ओसरली म्हणजे पुढे दोन-दोन वर्षे त्याला कळी धरत नाही आणि घरची माणसे खताला किंवा मातीला दोष देतात. दोष बहुधा दिव्याचा असतो.

कलांचो ही लघुदिवसी वनस्पती आहे. तिला कळी धरण्यासाठी रात्र सुमारे बारा तासांहून लांब असावी लागते, आणि तशा रात्री कित्येक आठवडे लागोपाठ मिळाव्या लागतात. येथे लघुदिवसी हा शब्द थोडा फसवा आहे. वनस्पती मोजते ती वास्तविक अखंड अंधाराची लांबी. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लावून अंधार तोडला, तर दिवस लहान असूनही कळी धरत नाही.

भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनमधील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २५ मिनिटांचा आणि डिसेंबरमधील सर्वांत लहान दिवस सुमारे १० तास ५० मिनिटांचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस रात्र दिवसाला गाठते आणि पुढे वाढत जाते. दसरा-दिवाळीच्या काळात रोपाला अंधार नीट मिळाला, तर थंडीत ते फुलते. परंतु नगरातील ओसरीवर रात्रभर दिवा असतो आणि रस्त्यावरच्या खांबाचा उजेड गच्चीवर येतो. अशा रोपाच्या दृष्टीने रात्र झालेलीच नसते.

यावर उपाय सोपा आहे. दोन सारखी रोपे घ्यावीत. एकावर ऑक्टोबरपासून सहा आठवडे रोज संध्याकाळी सहाला पुठ्ठ्याचे खोके उपडे ठेवावे आणि सकाळी आठला काढावे. मधल्या काळात त्यास भरपूर प्रकाश द्यावा. दुसरे दिव्याखाली राहू द्यावे. पहिल्यास कळ्या येतील आणि दुसरे पानेच वाढवीत राहील. एकही रात्र चुकवू नये, एवढे पथ्य पाळावे. पानफुटी व तिच्या काही भगिनी याहून अधिक चोखंदळ आहेत. त्यांना आधी लांब दिवसांचा काळ आणि त्यानंतर लहान दिवसांचा काळ, असा क्रम लागतो. आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा आणि मग हिवाळा या ओळीने तो क्रम आपोआप जुळतो आणि म्हणून त्या थंडीच्या दिवसांत फुलतात.

रात्रीच्या या दोन कामांचा, म्हणजे वायू साठविण्याचा आणि कळी धरण्याचा, परस्परांशी संबंध आहे काय? ग्रेगरी, स्पीअर आणि थीमान या शास्त्रज्ञांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात कलांचोवर हाच प्रश्न तपासला. लांब दिवसांत वाढविलेली रोपे रात्री फारसा कार्बन डाय-ऑक्साइड घेत नाहीत, परंतु लहान दिवसांत ठेवलेली रोपे तो मोठ्या प्रमाणावर घेऊ लागतात, असे त्यांना आढळले. रात्र लांबली आहे याची खूण पटताच कलांचो कळीची तयारी करतो आणि आपली रातपाळीही वाढवितो. मादागास्करमध्ये लांब रात्रींचा हिवाळा हाच कोरडा ऋतू असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या जोडीचा उपयोग लक्षात येतो.

पानातून रोप

पानफुटीचे पान तोडून ओलसर मातीवर ठेवले, तर त्याच्या कडेच्या खाचांतून आठ-पंधरा दिवसांत इवली रोपे उगवतात. जर्मन कवी गटे यांना या वनस्पतीचे फार आकर्षण होते. ते तिची पाने मित्रमंडळींना भेट म्हणून पाठवीत. पुढे झाक लेब या शास्त्रज्ञांनी याच पानांवर अनेक वर्षे प्रयोग केले. पान जितके मोठे, तितके त्यातून निघणाऱ्या कोंबांचे व मुळांचे एकूण वजन अधिक, असा हिशेबी संबंध त्यांनी दाखविला. पान झाडाला लागून असताना मात्र पानफुटीच्या खाचा बहुधा निद्रिस्त असतात. पान तुटले किंवा रोप संकटात सापडले म्हणजे त्या जाग्या होतात. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनावरून असे दिसते, की या कामी कलांचोच्या जातींनी नवे अवयव घडविणारी आणि बीजातील गर्भ घडविणारी जनुकव्यवस्था पानात वापरली आहे.

हा गुण माळ्याला सोयीचा असला, तरी त्याची दुसरी बाजू आहे. ज्या झाडाचे एक पान गळून पडले तरी दहा रोपे होतात, ते आवरणे कठीण. अनेक उष्ण देशांत ही झाडे तण म्हणून माजली आहेत. म्हणून छाटलेली पाने नाल्यात, तळ्याकाठी किंवा मोकळ्या मैदानात टाकू नयेत. ती उन्हात पूर्ण वाळवून नष्ट करावीत.

भिलाईतील निगा

कुंडीतील ही झाडे तहानेने क्वचितच मरतात. ती मरतात पाण्याच्या अतिरेकाने. छत्तीसगढातील शेतकरी येथील जमिनीला कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा अशी नावे देतात. यांपैकी कन्हार ही काळी, पाणी धरून ठेवणारी माती धानाला चांगली, पण पानफुटीच्या मुळांना घातक. कुंडीसाठी बागेची हलकी माती, नदीची जाड वाळू आणि कुजलेले पानखत समभाग घ्यावे. कुंडीच्या तळाचे छिद्र खापरीने झाकावे, बुजवू नये.

उन्हाळ्यात सकाळचे ऊन द्यावे आणि दुपारी अकरानंतर सावली करावी. आठवड्यातून एकदोनदा, माती वरून बोटभर कोरडी झाल्याची खात्री करून, सूर्यास्तानंतर पाणी द्यावे. तेव्हा कुंडी निवलेली असते आणि पानांची रंध्रेही उघडू लागलेली असतात. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पावसाळा असतो. तेव्हा कुंडी पागोळ्यांखालून काढून ओसरीत आणावी आणि पाणी जवळजवळ बंद करावे. देठाचा बुंधा काळा व मऊ पडू लागला, तर मूळ कुजले असे समजावे. वरचा निरोगी शेंडा कापून, दोन दिवस सावलीत सुकवून, कोरड्या वाळूत लावावा. हिवाळ्यात दिवसभराचे ऊन द्यावे आणि रात्री अंधार द्यावा.

काही गैरसमज

अलीकडे अशा झाडांची विक्री ‘रात्री ऑक्सिजन देणारे झाड’ म्हणून केली जाते. हे खरे नाही. वनस्पती प्राणवायू सोडते तो प्रकाशात पाण्याचे विघटन करून. अंधारात ती क्रिया चालत नाही. पानफुटी रात्री कार्बन डाय-ऑक्साइड घेते एवढेच खरे. तोही किती घेते, हे आपल्या दुसऱ्या प्रयोगावरून काढता येईल. सकाळ-संध्याकाळच्या मोजणीत १० ग्रॅम पानांमागे १० मिलिलिटरांचा फरक आला, तर त्याचा अर्थ २२ मिलिग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे एक किलो पानांमागे रात्री सुमारे २.२ ग्रॅम. फरक दुप्पट आला तरी हा आकडा ४.४ ग्रॅम होतो. झोपलेला प्रौढ मनुष्य आठ तासांत अदमासे १५० ते २०० ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. त्याची भरपाई करावयाची, तर उशाशी पस्तीस ते पंचेचाळीस किलो पाने हवीत. एका कुंडीने खोलीची हवा शुद्ध होत नाही. खिडकी उघडणे हाच खरा उपाय. त्याचप्रमाणे एकदोन कुंड्यांमुळे निजायच्या खोलीतील हवा बिघडते, हा जुना समजही तितकाच निराधार आहे.

दुसरा समज अधिक गंभीर आहे. पत्थरचट्टा या नावावरून त्याच्या पानांनी मूतखडा फुटतो, असे मानून पुष्कळ लोक ती रोज चावून खातात. पानफुटीचा पाला जखमेवर बांधण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यातील द्रव्यांवर प्रयोगशाळांतून संशोधनही होत आहे. परंतु पानांनी मूतखडा फुटतो, हे माणसांवरील पुरेशा चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. उलट या वंशातील वनस्पतींत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी बुफाडायइनोलाइड नावाची विषारी द्रव्ये असतात, हे सिद्ध आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये १९९७ साली पानफुटीच्या एका भगिनीजातीचा पाला खाऊन १२५ गुरे दगावली. म्हणून ही झाडे शेळ्या-गाईंच्या तोंडाशी येऊ देऊ नयेत, कुत्र्या-मांजरांपासून व लहान मुलांपासून दूर ठेवावीत, आणि पोटात कळ येऊ लागली तर कुंडीकडे न जाता वैद्यकीय सल्ला घ्यावा. मूतखड्याने मूत्रमार्ग अडून राहिला आणि उपचारास उशीर झाला, तर मूत्रपिंडाची कायमची हानी होऊ शकते.

उपसंहार

पानफुटी आपल्या देशात येऊन दोनशेहून अधिक वर्षे लोटली. एवढ्या काळात ती परसातली झाली, औषधाची समजली गेली, खेळण्याची झाली. पण तिच्या पानात रोज रात्री काय घडते, याची दखल फार थोड्यांनी घेतली. ती घेण्यास मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. एक कुंडी, लिटमसचा कागद आणि सकाळ-संध्याकाळची वही एवढी सामग्री पुरेशी आहे. कुटुंबातील कोणी रातपाळीहून परत येण्याच्या वेळेस, सूर्य उगवताना, पानफुटीची रंध्रे मिटत असतात आणि तिची कोठारे काठोकाठ भरलेली असतात. त्या वेळी तोडलेले एक पान कागदाला लाल करील. संध्याकाळी तोडलेले पान तसे करणार नाही. या दोन नोंदी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवाव्यात आणि पुढल्या ऋतूत त्यांची पुन्हा तुलना करावी.

स्वाध्याय

१. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव का असते, ते सकारण सांगा.

२. धान आणि पानफुटी यांची रंध्रे केव्हा उघडतात? पाण्याच्या खर्चात त्यामुळे कोणता फरक पडतो?

३. डिसेंबरच्या व मेच्या एकेका आठवड्यात पहिला प्रयोग रोज करा. कोणत्या महिन्यात फरक अधिक आढळला? त्याचे कारण काय असावे?

४. रस्त्याच्या दिव्याखाली ठेवलेला कलांचो का फुलत नाही? हे सिद्ध करण्यासाठी प्रयोगाची योजना लिहा.

५. तुमच्या मोजणीवरून एक किलो पाने एका रात्रीत किती कार्बन डाय-ऑक्साइड साठवितात, ते काढा. दशांश-नॉर्मल द्रावाचा १ मिलिलिटर म्हणजे २.२ मिलिग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड असे धरा.